आधी विमान, मग सिम

गुलाबकाका फोनचा पिन टाकताना भिंतीकडे तोंड करत. घरात दुसरं कोणी नसलं, फक्त विमलकाकू भाजी निवडत बसलेल्या असल्या, तरीसुद्धा. काकू म्हणायच्या, "सारी जिनगानी तुमच्यासंगं काढली, आता मी तुमचा फोन घेऊन कोठी पळणार हाओ?" काका भिंतीकडे बघतच उत्तर द्यायचे, "तुह्यावर शक नाही. हाताले सवय लागली पाह्यजे. हात येडा असते, त्याले घरचं अन् बाजारचं समजत नाही."

त्यांच्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावायच्या पट्टीचा तुकडा चिकटवलेला असे. दुसऱ्या कोणाचा फोन हातात आला की आधी ते उपरण्याच्या टोकानं काच पुसत. बोटांच्या डागांवरून कुलपाची नक्षी ओळखता येते म्हणायचे, "राखेवर मांजरीचे पाय उमटते ना, तसे."

मोताळ्यात आमच्या घरामागं त्यांचं घर. नात्यातले नाहीत, शेजारचे. तरुणपणी ठेकेदाराकडं लाइनमन होते, टेलिफोनच्या खांबांवर चढायचे. पुढं घराघरातले फोन मुके झाले, तारा लोकांनी कपडे वाळवायला नेल्या, आणि खांबावरून उतरलेल्या काकांनी बुलढाण्याहून कोणाचा तरी टाकाऊ कॉम्प्युटर उचलून आणला. तो सगळा खोलला, परत जोडला, आणि एक स्क्रू उरला. कॉम्प्युटर चालू झाला तरी तो स्क्रू त्यांनी फेकला नाही. दुकानातल्या टेबलावर एका वाटीत ठेवला. कोणी विचारलं की म्हणायचे, "हा कोठचा हाय थे समजेल, त्या दिवशी मी शिकलो म्हणीन."

दुकान बसस्टँडच्या बाजूला. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन अर्ज. पण लोक थांबायचे ते दुकानाबाहेरच्या फळ्यासाठी. जुन्या कपाटाचं दार काळं रंगवून त्यांनी भिंतीला टेकवलं होतं आणि रोज सकाळी त्यावर खडूनं एक सूचना लिहायचे. अक्षर खांबासारखं सरळ. "कुलूप मोठं, चावी उंबऱ्याखाली. असा पासवर्ड ठेवू नका." "बियाणं एकाच कणगीत ठेवता का? मग फोटो एकाच फोनमध्ये कशाला?" "अपडेट म्हणजे छप्पर शाकारणं. पाऊस यायच्या आधी करा." बसची वाट बघणारे वाचायचे, कंडक्टर वाचायचे, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना काका स्वतः वाचून दाखवायचे, न विचारता.

मी आठवीनंतर शाळा सोडली. का सोडली ते इथं सांगण्यात अर्थ नाही, आमच्याकडं अनेकींची सुटते. मला छापलेल्या कागदाची भीती वाटायची आणि फोन आल्यावर तर फारच. पलीकडून कोणी शुद्ध बोललं की माझ्या तळहाताला घाम. लग्नानंतर नवऱ्याला हैदराबादला काम मिळालं, मीही तिथं मुलींच्या एका होस्टेलात पोळ्या करायला लागले. आजही तेच करते. निघायच्या आधी आई मला काकांकडं घेऊन गेली. म्हणाली, "भाऊ, हिले फोन शिकवा. तिकडं भाषा येगळी, माणसं येगळी. पोरगी भेकड हाय."

"भेकड हाय थे चांगलं हाय," काका म्हणाले. "भेकड माणूस दोनदा पाह्यते. फसते कोण? ज्याले वाटते मले सारं समजते, थो."

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा आठवलं आहे की ते त्यांच्याच तोंडून ऐकलं यावर कधीकधी माझा विश्वास बसत नाही.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पिन काय हाय तुह्या फोनचा?"

मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी टेबलावर हात आपटला. "सांगू नोको. मलेही नाही. कोणालेच नाही. मी विचारीन तरी नाही." मग माझ्याकडं बघून हसले. "तसा मले माहीत हाय. एक जून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच तोच होता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख एक जून लिहिली होती, कोणाच्या घरी खरी माहीतच नव्हती. शाळेनं मला दिलेली तेवढीच एक गोष्ट माझ्याजवळ उरली होती, म्हणून मी ती पिनला लावली होती.

"लाजू नोको," काका म्हणाले. "साऱ्या तालुक्याचं हेच हाय. आपल्या वस्तीत जा, चौदा एप्रिल टाक, दहातले सात फोन उघडते. मोमीनपुऱ्यात जा, सातशे शह्याऐंशी. बाकीचं गाव सारं एक जूनले जन्मलं. चोराले मेहनतच नाही बाप्पा."

मग त्यांनी मला पासवर्ड करायला शिकवलं. स्वतःचं एक वाक्य घ्यायचं, जे कोणी पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि ते इंग्रजी अक्षरांत टाकायचं. आपल्या बोलीत. "चोर कोठीही बसला असू दे, दिल्लीत नाही तर दुबईत. त्याले 'काऊन बे' म्हणजे काय थे समजत नाही. आपली बोली पुण्यात हसण्यावारी नेते ना? इथं थेच कामी येते." माझं वाक्य आमच्या शेळीवरचं होतं. यापुढं सांगणार नाही, काकांची शिकवण आहे.

त्यांची सगळी शिकवण अशीच, बोटाला धरून. फाईल आली तर तोंडावर जायचं नाही, शेपटी बघायची. नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरं म्हणजे शेपटी. फोटोची शेपटी वेगळी, कागदाची वेगळी. "अन् एपीके दिसलं का समजायचं, हा फोटो नाही, कागद नाही, हे ॲप हाय. हे पाव्हणा म्हून येते अन् घरजावई होऊन बसते." चुकून आत आलंच तर काय करायचं ते त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं: आधी विमान, मग सिम, मग दुसऱ्याच्या फोनवरून बँक. विमान म्हणजे फोनवरचं ते विमानाचं चित्र. ते दाबलं की फोनचा जगाशी संबंध तुटतो. मी विचारलं, "काका, लिहून घेऊ का?" तर म्हणाले, "लिहू नोको. आग लागल्यावर कोणी कागद शोधत नाही. डोक्यात ठेव."

काकांची एक मजा होती, फसवणाऱ्यांचे फोन आले की ते खूश व्हायचे. एकदा दुकानात भरपूर गर्दी असताना त्यांना फोन आला, की बिल भरलं नाही, आज वीज कापणार. काकांनी फोनचा आवाज मोठा केला आणि हातानं सगळ्यांना गप्प केलं.

"कापो साहब," काका म्हणाले.

पलीकडचा गोंधळला. "अंधेरा हो जाएगा आपके घर में।"

"साहब, मोताळे में कब उजाला रहता हमकोच नहीं मालूम. तुम कापो, फिर फोन करके बताओ के अभी कापी. हम तो बता नहीं सकते."

लोक पोट धरून हसले. फोन बंद झाल्यावर काकांनी बोट वर केलं. हसणं झालं की धडा यायचाच. "पाह्यलं? त्याले घाई होती. आज, आत्ता, लगेच. खऱ्या माणसाले घाई नसते. आपण बँकेत गेलो तर बँक आपल्याले अर्धा दिवस बसवते. थेच बँक फोनवर एवढी घाई कायले करीन?"

हे सगळं खरं. पण त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर दुसरी बाजूही लिहायला हवी. काका म्हणायचे, फसलं तर लाजू नका, पहिल्या तासात सांगा, तुम्ही लाजता म्हणून चोराला वेळ मिळतो. फळ्यावर महिन्यातून एकदा हे वाक्य असायचंच. आणि कोणी खरंच सांगायला आलं की त्यांची जीभ सुटायची. हमीदाचाची बाजारात बांगड्यांचं दुकान लावतात. एकदा गॅसच्या अनुदानाचा फोन आला म्हणून त्यांनी कोणाला तरी ओटीपी सांगितला आणि लगेच, अगदी काकांनी शिकवलं तसं, धावत त्यांच्याकडं आल्या. काकांनी सगळं केलं. बँकेला फोन लावला, खातं थांबवलं, चाचींचं काही गेलं नाही. पण हे करता करता भर बाजारात बोलले, "चाची, सांगू सांगू माह्या घसा बसला. फळ्यावर लिहितो थे काय बकऱ्या वाचते? तुमच्यासारख्या लोकायमुळंच चोराची चूल पेटते."

ओढणी सारखी करून चाची निघून गेल्या. त्यानंतर त्यांचा फोन कधी दुकानात आला नाही. आमच्या वस्तीतही हेच व्हायला लागलं. कोणाचं काही झालं तर बायका म्हणायच्या, "गुलाबभाऊले नोको सांगू. चौकात पंचनामा करतीन." काकांना याची कल्पना नव्हती. त्यांना वाटायचं, फळ्यामुळं गाव सुधारलं, आता कोणी फसत नाही.

अजून एक गोष्ट, ती पुढं लागते. काकांचा सख्खा भाऊ बळीराम जळगाव जामोदला राहतो. त्यांच्या आईच्या आजारपणात दोघांत काही बोलणं झालं, ते काय होतं हे आता दोघांनाही धड सांगता येणार नाही, पण बोलणं बंद झालं ते झालंच. लग्नकार्यं झाली, एकमेकांना बोलावणं नाही. काकांच्या फोनमध्ये तो नंबर मात्र होता. एकदा मला नंबर साठवायला शिकवताना त्यांचं बोट त्यावरून गेलं. नावाच्या जागी फक्त "भाऊ" होतं. मी विचारलं, "हे कोण?" ते म्हणाले, "हे नुसतं ठेवलेलं हाय." आणि पुढं सरकले.

आता त्या सकाळचं.

मी होस्टेलात कणीक मळत होते. फोन वाजला, बघितलं तर गुलाबकाकांकडून निरोप. "विवाह निमंत्रण. अगत्य येण्याचे करावे." खाली एक फाईल. माझा हात आनंदानं पुढं गेला. काकांकडचं कार्य. एवढ्या लांब असून त्यांनी माझी आठवण ठेवली. बोट लावणार तेवढ्यात सवयीनं शेपटी बघितली.

एपीके.

पहिल्यांदा मला वाटलं, मीच चुकीचं वाचते आहे. कणकेचा हात पुसला, पुन्हा वाचलं. मग वाटलं, पत्रिकांचं हल्ली असंच असेल, काकांनी काही नवं शिकून केलं असेल. ते काका, मी आठवी. मी कोण त्यांना सांगणार? सोबतच्या बाईनं विचारलं, "क्या हुआ, कोई मर गया क्या?" इतका माझा चेहरा उतरला होता. मी कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"हाव, बोल पोरी." आवाज नेहमीचा. सकाळचा, खडूच्या धुळीतला.

"काका, तुमच्याकडून पत्रिका आली."

"कायची पत्रिका?"

"लग्नाची. काका, तिची शेपटी एपीके हाय."

दुकानासमोरून एसटी गेल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "म्या कोणालेच काही पाठवलं नाही."

"तुम्ही कोणाची उघडली का?"

मला वाटलं फोन कट झाला.

"काल संध्याकाळी," ते म्हणाले. "भाऊची आली होती."

आणि मग माझ्या तोंडून आपोआप तेच यायला लागलं जे माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. "काका, माह्या फोन ठेवला का लगेच विमान दाबा. आधी विमान. मग सिम काढून खिशात टाका. मग काकूच्या फोनवरून बँकेले लावा."

"हो," ते म्हणाले. "आधी विमान. हो. मंग..." पलीकडं कागद सरकवल्याचा आवाज आला. "मंग काय म्हटलं तू? लिहून घेऊ का?"

लोक म्हणतात, शिकवणाऱ्याच्या पुढं शिकणारा गेला तर अभिमान वाटावा. मला लाज वाटली. न विचारता कोणाच्या घरात शिरावं आणि घरातलं मोठं माणूस अर्धवट कपड्यात दिसावं, तशी. मी म्हटलं, "नोको काका, डोक्यात राहीन. विमान, सिम, बँक." त्यांनी फोन ठेवला. मी परत पोळ्या लाटायला गेले, आणि त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्या वाकड्या झाल्या.

पुढचं सगळं मला आईकडून आणि काकूंकडून कळलं. काकांच्या फोनमधून ती पत्रिका सगळीकडं गेली होती. त्यांच्याकडं साऱ्या गावाचे नंबर. कोणीतरी दुसऱ्यानं पाठवली असती तर आमच्या लोकांनी शेपटी बघितली असती, इतपत काकांनी शिकवलं होतं. पण ती गुलाबभाऊंची पत्रिका होती. आईनंसुद्धा उघडली. मी रागावले तर मलाच म्हणाली, "गुलाबभाऊनं बोलावलं अन् मी उघडू नाही? उद्या म्हणतीन, शेजारीण असून पत्रिका नाही पाह्यली. माणुसकी हाय का नाही?" आमच्याकडं बोलावणं आलं आणि बघितलं नाही, हा अपमान असतो. चोरानं आमच्या कुलपाला हात लावलाच नाही, आमच्या रिवाजाला लावला.

संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली काकांच्या दारात. फसवणूक झाली हे गल्लीत अजून कोणाला कळलं नव्हतं. लोक लग्न कोणाचं ते विचारायला आले होते. घरात लग्नाचं कोणी नाही, काकांचा मुलगा तर कधीच संसाराला लागलेला. एक म्हातारी तांदळाची ओटी आणि ब्लाउजपीस घेऊनच आली. कोणी म्हणालं, "गुलाबभाऊ, आता या वयात? काकूनं होकार देल्ला का?" सगळे हसले. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. काकू म्हणतात, त्यांना बोलताच येईना. शेवटी काकूंनी लोकांना सांगितलं की लग्नबिग्न काही नाही, फोन बिघडला आहे, पत्रिका उघडू नका. उघडून झाली होती.

एक-दोघांच्या खात्यातून पैसे गेले. काही बँकेनं अडवले, काही गेलेच. हमीदाचाचींच्या फोनवरून तीच पत्रिका त्यांच्या मुलीच्या सासरी मलकापूरला गेली. तिथं व्याह्यांचा फोन बिघडला, आणि मुलीला ऐकून घ्यावं लागलं की तुमच्या घरून असलं येतं.

काकांनी दुकान उघडलं नाही. फळ्यावर त्या सकाळची सूचना तशीच होती: "घाई करतो तो चोर." कोणीतरी पोरानं खाली लिहून ठेवलं, "अन् पत्रिका पाठवतो तो कोण?" येणारे-जाणारे वाचायचे आणि बंद दाराकडं बघायचे.

घरात काका भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जेवायला उठत नव्हते. काकूंनी समजावून पाहिलं, मग एका दुपारी ताट समोर आदळलं. "लोकायले सांगता ना, लाजू नका, पहिल्या तासात सांगा? तुमचा तास झाला नाही का अजून? तिकडं लोकायचे फोन सडून राह्यले अन् तुम्ही इथं नवरीसारखे बसले. उठा."

ते उठले. उपरणं खांद्यावर टाकून दुकानापाशी गेले. फळ्यावरचं पुसतील असं समोरच्या चहावाल्याला वाटलं. त्यांनी पुसलं नाही. खडू घेऊन पोराच्या ओळीखाली लिहिलं, "तो मी. घरोघर येतो."

आणि गेले. निरोप पाठवून भागलं नसतं, त्यांच्या नंबरावरून आलेलं आता कोण उघडणार? दाराशी उभं राहून पहिल्यापासून सांगायचे, भावाची पत्रिका आली, मी उघडली, माझ्यामुळं तुमच्याकडं आली. सांगून झाल्याशिवाय आत जायचे नाहीत. मग म्हणायचे, फोन तुमच्याच हातात ठेवा, मी सांगतो तसं दाबा. नाव बदलून आत लपून बसलेलं ते ॲप शोधून काढायला लावायचे, पासवर्ड बदलायला लावायचे, त्या वेळी स्वतः पाठ फिरवून भिंतीकडं बघायचे. कोणी चहा दिला. कोणी म्हटलं, "मास्तरच नापास झाला तर पोरायनं काय करावं?" काका म्हणायचे, "हाव, झालो नापास. आता ते तिसरं चित्र दाबा."

हमीदाचाचींच्या घरी त्यांना दारातच थांबावं लागलं. आई सोबत होती, तिनं पाहिलं. काकांनी सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं, "चाची, त्या बखती बाजारात म्या तुमाले बोललो. बोलाले नव्हतं पाह्यजे. तुम्ही तर लगेच आल्या होत्या. म्या दोन दिवस तोंड लपवलं."

चाचींनी फोन छातीशी धरला. "गुलाबभाई, माह्या पोरीनं सासरी काय काय ऐकलं, तुमाले मालूम हाय?" मग म्हणाल्या, "फोन मी नवाशाकडून, पोरीच्या पोराकडून, साफ करून घेईन. तुम्ही हात नोका लावू."

काका हाव म्हणाले आणि वळले. आई सांगते, एवढ्या घरी फिरले, पण त्या दारातून उतरताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा त्यांच्यासमोर जायची मला भीती वाटत होती. काय बोलायचं? ते मात्र दुकानात होते. थोडे वाळले होते. वाटीतला स्क्रू जागेवर होता. मला बघून स्टूल पुढं सरकवलं, आणि मी न विचारता त्यांनी भावाचं सांगितलं, टेबलाकडं बघत.

"फोननं मले तीनदा अडवलं पोरी. म्हणे, धोका हाय. म्हणे, हे अनोळखी हाय. म्या म्हटलं, तू चूप बस, माह्या भाऊ हाय थो. उघडलं तर अंदर काहीच नाही. पांढरं. मले वाटलं, नेट हळू चालून राह्यलं. वसरीवर जाऊन बसलो, तिथं रेंज येते म्हून. पत्रिका उघडायची वाट पाहत बसलो गंज वेळ. मनात म्हणे, पुतणीचं जमलं वाटते. बोलावलं आपल्याले."

ते बोलत होते. भावाचा फोन तर आधीच बिघडलेला, म्हणजे तोही साफ करायला हवा, आणि त्याला फोनवर सांगून तो ऐकणार नाही. म्हणून ते एसटीनं जळगाव जामोदला गेले. बळीरामनं दार उघडलं. काकांनी एवढंच म्हटलं, "तुह्या फोन बिघडला हाय. तू पत्रिका पाठवली का?" तो म्हणाला, "नाही. पोरीचं अजून जमलं नाही." मग फोन आणून समोर धरला आणि पिन सांगून टाकला. चौदा एप्रिल.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. साऱ्या गावावर ओरडलो असतो. त्याले काही म्हटलं नाही. चहा पेलो अन् आलो." वाटीतला स्क्रू बोटानं फिरवत म्हणाले, "निघताना थो म्हणे, जमलं का कळवीन. फोनवर नाही म्हणे. येईन."

मी हैदराबादला निघाले तो बाजाराचा दिवस होता. काकांनी बाजाराच्या दिवशी फळा दुकानापासून उचलून कडुनिंबाखाली न्यायला सुरुवात केली होती. समोर सात-आठ माणसं बसलेली. मी बसमध्ये खिडकीशी बसले आणि आवाज ऐकू आला, "आधी माह्यं सांगतो. मले भावाची पत्रिका आली..." कोणीतरी हसलं. ते थांबले, हसू संपू दिलं, आणि पुढं सांगायला लागले. चेहरा लाल झाला होता. इतक्या वेळा सांगूनही लाज गेली नव्हती. ती अंगावर घेऊनच ते बोलत होते.

पलीकडं हमीदाचाचींचं बांगड्यांचं दुकान. त्या काकांकडं बघत नव्हत्या, गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. इकडंतिकडं पाहिलं. मग जागेवरून न उठता, फोन स्वतःच्या मुठीत घट्ट धरून हात उंच केला आणि काच काकांच्या दिशेनं फिरवली.

"गुलाबभाई," त्या ओरडल्या, "हे खोलू का?"

एवढ्या लांबून काकांना काय दिसणार? ते उठून दोन पावलं पुढं आले, आणि तिथंच थांबले. हात मागं बांधले.

"शेपटी वाचा, चाची," ते म्हणाले. "तुम्हीच वाचा."

चाचींनी फोन डोळ्यांजवळ नेला. बस सुरू झाली. त्या एक एक अक्षर मोठ्यानं वाचत होत्या आणि काका, हात तसेच मागं ठेवून, प्रत्येक अक्षराला मान हलवत होते.